पाठीसाठी गादी

१२ एप्रिल, रविवार

पुढच्या रविवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आईचा धुळ्याहून फोन. यंदा दोन दिवस तरी राहायचं म्हणे. म्हटलं, बघते. म्हणजे नाही.

ढेकूण. एकदाच पूर्ण लिहिते, यापुढे ढे. गेल्या वर्षी आईकडून माझ्याच बॅगेत बसून जळगावात आले. दिवाण भंगारात, भिंतींना औषध, महिनाभर घराला तोच वास. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, बाकी सगळ्या नातेवाइकांना बोलल्या. प्रकाश एवढंच म्हणाला, "परत आले तर धुळं बंद." नवरा चिडला असता तर मीही चिडले असते. तो शांतपणे म्हणाला.

आईला यातलं काही माहीत नाही. डोळे अधू, तिला दिसत नाहीत. आणि जिची घासलेली लखलखीत भांडी बघायला गल्ली येते, तिला तुझ्या घरात ढे. आहेत असं कुठल्या तोंडाने सांगू? दादाला एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणे, "मच्छर ऱ्हातीन." झालं.

१९ एप्रिल, आखाजी

सकाळच्या बसने गेले, संध्याकाळी परत. प्लास्टिकची खुर्ची सोडून कुठे टेकले नाही. पर्स कपड्यांच्या दोरीला अडकवून ठेवली. आपल्याच माहेरी असं चोरासारखं वावरायचं.

दुपारी आई झोक्यावर बस म्हणाली. फळीवर तिने गोधडी घडी करून घातलेली. नको म्हटलं. का? काहीतरी सांगायचं म्हणून, पाठ धरलीय, खुर्चीतच बरं वाटतं. रात्री का राहत नाहीस, त्यालाही तेच उत्तर. एका खोट्यात दोन कामं झाली म्हणून खूश झाले, तर हिचे डोळे भरले. केव्हापासून दुखतंय, डॉक्टरला दाखवलं का, झोपतेस कशावर. फोमवर म्हटल्यावर तिला चोर सापडला. तो फोमच खराब म्हणे.

खापराची पोळी, रस, कुरडया. सगळं आवडीचं, ते खुर्चीतच बसून ताट मांडीवर घेऊन खाल्लं. लाज वाटत होती.

घरी आल्यावर नेहमीचं. चपला खालीच, कपडे उकळत्या पाण्यात, पर्स काळ्या पिशवीत गाठ मारून गच्चीवर. आपलं ऊन निदान इथे तरी कामाला येतं. सासूबाई जिन्यात उभ्या. झटकलं ना सगळं? झटकलं.

२ मे, शनिवार

दादा पिकअप घेऊन दारात. मागे गादी. कोरी, निळ्या पट्ट्यांची, पारोळ्याच्या शेतातला आमचाच कापूस, आईने पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. "मायनी दी शे, तुनी पाठसाठे." चहा पिऊन निघून गेला.

सासूबाई खाली आल्या. गादी हाताने दाबून पाहिली, पुन्हा दाबली. असा कापूस आता मिळत नाही म्हणाल्या. प्रकाश माझ्याकडे बघत होता. मी आपणहून म्हटलं, नवीन आहे, पिंजाऱ्याकडून थेट आलीय. मला काय माहीत थेट आली का ते.

ऊन दाखवते म्हणून गच्चीवर चढवली. जिन्यात तिच्या वजनाखाली खरोखरच पाठ धरली. बरं झालं, निदान खोटं तरी राहिलं नाही.

५ मे, मंगळवार

रोज ऑफिसला जाण्याआधी गच्चीवर. शिवणी उलटून पाहते, मोबाइलचा टॉर्च लावून कोपरे पाहते. काही नाही. पण गादीच्या पोटात ऊन जातं का? प्रत्येक काळा ठिपका ढे. वाटतो. एक तर सरकीचं टरफल निघालं, त्याच्यावर चप्पल मारली.

संध्याकाळी डाळ मिलच्या ऑफिसमधून घरी आले तर गच्ची रिकामी. सासूबाईंनी प्रकाशकडून गादी उतरवून घेतली आणि स्वतःच्या पलंगावर घातली. विहिणीने एवढ्या मायेने पाठवलेली वस्तू उन्हात काय टाकून ठेवतेस, असं मलाच बोलल्या. दुपारी तिच्यावर झोपल्या, गुडघे दुखले नाहीत. मग त्यांनीच आईला फोन केला. लग्नाला अकरा वर्षं झाली, या घरातून आईला आपणहून गेलेला पहिला फोन.

जेवताना म्हणाल्या, पुढच्या खेपेला मीही येते तुझ्यासोबत धुळ्याला.

मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

६ मे, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन. सासूबाईंनी काय काय कौतुक केलं ते सगळं पुन्हा सांगितलं. इतकी खुललेली आई बाबा गेल्यापासून ऐकली नव्हती. मग म्हणाली, "नवी गादी कडक ऱ्हास माय. तुले टोचाले नको म्हनीसन आठ दिन मीच निजनू तिन्हावर. आते नरम शे ना?"

हो म्हटलं. नरम आहे.

डोकं दुखतंय सांगून अर्धी सुट्टी टाकली, रिक्षाने घरी. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. प्रकाशला सांगावं तर धुळं बंद. सासूबाईंना सांगावं तर कालचा फोन आईच्या अंगावर उलटणार. गप्प राहावं तर गादी आत, पलंग आत, आम्ही सगळे आत.

सासूबाई झोपलेल्या. पंखा पाचवर, दार उघडं. एरवी दुपारी डोळा लागत नाही त्यांचा, आज घोरत होत्या. मी दारातच उभी. टॉर्च लावायचं धाडस होईना.

झोपेतच त्यांनी दंड खाजवला.

घामोळं असेल. या दिवसांत सगळ्यांनाच येतं.