शंभर युनिटच्या आत

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.
महागाईत होरपळणाऱ्या कुटुंबांसाठी सरकारची दिलासा योजना जाहीर. अट एकच: सलग तीन महिने शंभर युनिटच्या आत वीज वापरायची. मग वर्षभर बिल निम्मे, वर दोन सिलिंडर फुकट. आपले फेब्रुवारीचे युनिट २१२. घाबरण्यासारखे काही नाही. मी हडपसरच्या कारखान्यात बावीस वर्षे सुपरवायझर होतो. तीनशे माणसे सांभाळली, इथे तर दोनच आहेत. संध्याकाळी दोघींना विश्वासात घेणार.

रात्री ९.
घेतले. सत्यशीला म्हणाली, आधी जेवून घ्या. सृष्टीने हेडफोन काढलेच नाहीत. विरोध नाही म्हणजे संमती.

४ मार्च.
गिझरच्या स्विचवर चिकटपट्टी. मिक्सर माळ्यावर, पाटा-वरवंटा खाली. दाराची बेल आतून काढली, बाहेर नुसते बटण राहिले. तिच्यात एक बारीक दिवा चोवीस तास जळत असतो, हे बिबवेवाडीत आजवर कुणाच्या लक्षात आले नसेल.
बायकोवर भार नको म्हणून पहिली चटणी स्वतः वाटली. अंगठा चेचला. पुढच्या चटण्या सत्यशीला वाटेल.

११ मार्च.
सृष्टीचे ऑफिसचे काम घरूनच चालते. तिला सांगितले, राऊटर दुपारी दोन तास बंद राहील. तिने विचारले, अमेरिकेतल्या टीमला काय कारण देऊ? म्हटले, खरे ते सांग, त्यांनाही काही शिकायला मिळेल.

१३ मार्च. होळी.
सृष्टी लॅपटॉप घेऊन धायरीला भाग्यश्रीकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे, राहायला गेली. पोटची मुलगी, पण दोन तासांच्या राऊटरसाठी बापाला सोडून गेली. मन खट्टू झाले. अर्थात लॅपटॉप, मोबाइल आणि तिच्या खोलीतला पंखा मिळून बरेच युनिट वाचतील. पुरणपोळी तिच्या वाट्याचीही खाल्ली.

१ एप्रिल, मंगळवार.
मार्चचे युनिट ९६! समोरच्या फ्लॅटमधल्या हिंदुरावांना मुद्दाम जाऊन सांगितले. ते म्हणाले, अभिनंदन, दार लावून घेतो, एसी चालू आहे. मत्सर, दुसरे काय.

९ एप्रिल.
एप्रिलची गती बरी नाही. पंख्यांचा वेग एकवर आणला. सत्यशीलेला म्हटले, दोघांनी एकाच खोलीत बसू, लग्न झाल्यावर बसायचो तसे. ती म्हणाली, तेव्हाही पंखा नव्हता, आणि तेव्हाही मला उकडतच होते.
फ्रिज आजपासून बंद. आपल्या आईवडिलांकडे कुठे होता फ्रिज?

१२ एप्रिल.
दूध नासले.

१३ एप्रिल.
दूध नासले. नासलेल्या दुधाचे पनीर होते, असे सत्यशीलेला सुचवले. तिने पातेले माझ्यासमोर ठेवले आणि बाहेर गेली.

१८ एप्रिल.
सत्यशीलेला ओट्यापाशी चक्कर आली. भिंत धरून खाली बसली. मी वहीने वारा घातला, पाणी दिले. डॉक्टर म्हणाले, उष्म्याने बीपी खाली गेलेय, गार जागी ठेवा. घरी आल्यावर तिने शांतपणे विचारले, "अहो, ही योजना आपल्याला दिलासा द्यायला आहे ना?" म्हटले, आहे, पण जुलैपासून.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अशक्तपणा असावा.

१९ एप्रिल.
सत्यशीलाही धायरीला गेली. तेहतीस वर्षांचा संसार, आणि दीड महिना राहिला असताना मैदान सोडले. जाताना मला म्हणाली, तुम्हीही चला. मी कसा जाणार? मीटरवर कोण लक्ष ठेवणार? सरकारने विश्वास टाकलाय. एकाने तरी तो ठेवायला हवा.

१ मे, गुरुवार.
एप्रिल: ७१. एकट्याने करून दाखवले. सांगायला कुणी नव्हते.

६ मे.
दुपारचा प्रश्न सुटला. रोज बसने बुधवार पेठेत जातो. आधी दगडूशेठचे दर्शन, मग एका दुकानात चालू ठेवलेल्या कूलरसमोर उभे राहून त्याची माहिती विचारतो. हवा फार चांगली आहे.

८ मे.
दुकानदार म्हणाला, काका, तीन दिवस झाले, आता तुम्हीच गिऱ्हाइकांना माहिती सांगत जा. पुण्यातल्या दुकानदारांची सौजन्याची पातळी घसरली आहे. उद्यापासून दुसरे दुकान.

१५ मे.
सत्यशीलेचा फोन. भाग्यश्रीने आमरस केलाय, या. गार आहे, असेही म्हणाली. हे मुद्दाम. नाही म्हटले. वरणभात खाल्ला. उजेड असेपर्यंत जेवण उरकले की दिवा लागत नाही.

१ जून, रविवार.
मे: ११ युनिट!! सोसायटीत असा आकडा कुणाचा नसेल. उद्या अर्ज. अर्जात कुटुंबातील व्यक्ती तीन लिहिणार. तीनच आहेत.

१० जून.
अर्जदाराच्या घरी पाहणी होते, असे कळले. तारीख सांगत नाहीत. आता घर सोडायचे नाही. कपाटातला चांगला शर्ट काढून ठेवला.

१३ जून, शुक्रवार. संध्याकाळी ६.
दिवसभर शर्ट घालून बसलो. कुणी आले नाही. सरकारी काम.

संध्याकाळी ७.
आले होते. हिंदुरावांनी जिन्यात सांगितले. अकरा वाजता एक माणूस आला, तीनदा बेलचे बटण दाबले. मी मागच्या बाल्कनीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो होतो. बेल वाजणार कशी? मग त्याने हिंदुरावांना विचारले. काय सांगितलेत, मी विचारले. ते म्हणाले, जे दिसते ते. वहिनी गेल्यापासून घर बंदच असते, संध्याकाळी उजेडही नसतो, मला वाटले तुम्हीही धायरीलाच असता.
दोन महिने मी समोर एकटा राहतोय. एकदा दार वाजवून बघितले असते तर? वीस वर्षांचा शेजार.

१८ जून, बुधवार.
मोबाइलवर मेसेज. अर्ज अपात्र. दिलेल्या पत्त्यावर कुटुंबाचे वास्तव्य नाही.
वही बाजूला ठेवली होती. परत घेतली. सरकारने पाठीत सुरा खुपसला, एवढेच लिहायचे होते.

१९ जून.
योजनेच्या ऑफिसात गेलो. टेबलावरची मुलगी सृष्टीएवढी, नाव संस्कृती. तिला सगळे सांगितले. गिझर, फ्रिज, बेल, अकरा युनिट. तिने नीट ऐकून घेतले, हे मान्य. मग विचारले, काकू कुठे आहेत? धायरीला. मुलगी? धायरीला. कधीपर्यंत? म्हटले, ते आमचे बोलणे झालेले नाही.
ती म्हणाली, "काका, मग आमच्या माणसाने यात चूक काय लिहिलेय?"
उत्तर तयार होते, पण मागे रांग होती.

२० जून, शुक्रवार. सकाळी ११.
सत्यशीलेला फोन केला. म्हटले, अपील करता येते, तुम्ही दोघी परत या, माणसे घरात दिसायला हवीत. ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी यायचे की त्या माणसाला दाखवायला, ते आधी ठरवा." मी विचार करून कळवतो म्हटले. फोन ठेवल्यावर लक्षात आले, याला विचार लागायला नको होता.

संध्याकाळी ७.३०.
हॉलमधला दिवा लावला. मग स्वयंपाकघरातला, मग सृष्टीच्या खोलीतला. तिन्ही पंखे लावले. फ्रिज लावला, आत ठेवायला काही नव्हते, पाण्याची बाटली ठेवली.
हिंदुरावांनी दार वाजवले. वहिनी आल्या वाटते, म्हणाले. नाही म्हटले. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितले. सगळीकडे उजेड.
"मग दिवे कुणासाठी लावलेत?"
त्यांनाच विचारले, धायरीची बस आता किती वाजता मिळेल.