आखूड मानेचा जंत

१२ जानेवारी
नवी जात! शंकाच नाही. माशाच्या आतड्यातला चपटा जंत, पण मान एवढीशी नि अंग जाडजूड. एकाही पुस्तकात असा नाही. मार्चअखेर रिटायर होतोय. सगळी नोकरी जंतांत गेली, पण एका जंताची नोंद नावावर नाही, असं डिपार्टमेंटमध्ये चहाच्या वेळी बोलतात. आता बोला म्हणावं.
गेल्या आठवड्यात मासेवालीकडून आतडी आली तेव्हा हॉस्पिटलात हिच्या भेटीची वेळ होत आली होती. भराभर जंत काढले, थेट फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले नि पळालो. मोठे शोध असे घाईतच लागतात.

१५ जानेवारी
आपल्या जंताला आपलंच नाव देणं आमच्यात निर्लज्जपणाचं समजतात. बायकोचं चालतं. हिला म्हटलं, तुझं नाव अमर होणार. ही म्हणाली, माशाच्या पोटातल्या किड्याला? लोक फुलाबिलाला देतात हो. म्हटलं, फुलं बॉटनीवाल्यांकडे. खूप हसली. मग खोकली, तीही खूप. हसतेय म्हणजे सुधारतेय.

२२ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, आवडेल ते खाऊ द्या. म्हणजे पथ्यसुद्धा नाही! हिला सांगितलं, बरी झालीस. लेकीला फोनवर डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तर, मी येते, एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. या पोरीला आनंद म्हणून करता येत नाही.

३० जानेवारी
ही घरी आली. लेकही आलीय, बिनपगारी रजा टाकून. एवढी कशाला, असं विचारलं तर उठून स्वयंपाकघरात गेली.
सकाळी ही म्हणाली, आज नका जाऊ, बसा जरा. म्हटलं, जंताचा पेपर एकदा जर्नलला जाऊ दे, मग बसायचंच आहे. आता वेळच वेळ.
संकल्प: रोज सहाच्या आत घरी.

३१ जानेवारी
साडेआठ झाले. मानेची आकृती मनासारखी येईना. सोमवारपासून नक्की.

११ फेब्रुवारी
पेपर तयार. धाडण्यापूर्वी स्लाइड्स माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवल्या. ती आता दुसऱ्या युनिव्हर्सिटीत हेड आहे. निव्वळ उपचार म्हणून. तिलाही जरा मान दिल्यासारखं होईल.
ही आज दिवसभर झोपून. विश्रांती छान मिळतेय.

१९ फेब्रुवारी
विद्यार्थिनीचा फोन. आधी माझी तब्येत, मग हिची, मग पुन्हा माझी. तेव्हाच ओळखायला हवं होतं. शेवटी चाचरत म्हणाली, सर, हे आधी गार पाण्यात ठेवले होते ना?
पहिल्या प्रॅक्टिकलचा पहिला धडा. माझाच. जिवंत जंत थेट फॉर्मालिनमध्ये टाकला की भीतीनं अंग चोरावं तसा आक्रसतो. मान आत जाते, अंग जाड दिसतं. आधी फ्रिजमधल्या पाण्यात सैल पडू द्यायचा, निवांत. यावरून दरवर्षी पोरांना झापत आलो.
म्हणजे जुनाच जंत. रोजचा, गल्लीबोळातला.
म्हटलं, शाब्बास, तुझी परीक्षा घेत होतो. ती म्हणाली, हो सर. पोर चांगली आहे.

२० फेब्रुवारी
लॅबला गेलो नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.
हिच्यापाशी बसलो. पेपरचं काय झालं म्हणाली. थाप तयार होती, पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. नवा नाही, घाईत चूक झाली. कसली घाई? म्हटलं, तुझी भेटीची वेळ होत आली होती.
माझ्याकडे वळली. म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्यासाठी धावलात, नि त्यातही माती खाल्लीत. हसायला लागली. दम लागला, तरी हसतच होती. मलाही हसू आलं.
मग म्हणाली, एवढं खरं बोलताय तर डॉक्टर काय म्हणाले तेही सांगा. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या.
सांगितलं. घरी न्यायला हरकत नाही. आवडेल ते खाऊ द्या. बोलता बोलता मला त्याचा अर्थ लागला.
ही म्हणाली, हं. वाटलंच होतं. पायावरची चादर ओढा जरा. ओढली.
उद्या जाणार का म्हणाली. म्हटलं, नाही.
परवा? नाही.
तेरवाचं तिनं विचारलं नाही.