आमेन झाल्यावरचा हात

मिरज

येसूताय, तुला नि घरच्या सगळ्यांना प्रभूचा सलाम.

फोनवर तू खिदळली असतीस, म्हणून लिहिते.

संजू नर्सिंगच्या होस्टेलात नीट लागली. जेवणात भात हाय, काळजी नको. दाजींचा खोकला कसा? माझी कोंबडी तुझ्याकडंच अंडी घालते ना, चोरटे?

आता माझी गंमत ऐक. होस्टेलच्या फाटकाशी मी तिचा हात धरून मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, ही लेक तुझ्या हाती सोपवते." भोवतालची सगळी आमेन बोलली, मी पण बोलले. पण हात काय सोडला नाय! संजू हळूच बोलली, "आये, दे ना मग त्याच्या हाती."

पोरी हसल्या. मला तोंड लपवायला जागा नाय.

तरी परतीची गाडी पकडली नाय गो. गुडघ्याचं निमित्त करून हितंच ऱ्हायले, नि रोज फाटकाशी उभी. काल तिनं बघितलं. रागावली नाय, मैत्रिणींसमोर नुसती मान खाली घातली. मला फार लाज वाटली. तिचा बाप गेल्यापासून प्रार्थनेत तिला प्रभूला देते नि लगेच काढून घेते, पोराच्या हातातला खाऊ घ्यावा तशी.

आज निघते. फाटकाकडं नाय जाणार.

आसनगावला उतरवून घ्यायला ये. हात रिकामा असंल, तू धर.

तुझी आगाऊ
गुणा