तक्रारीची वेळ : पाच ते सहा

२७ सप्टेंबर

ठरलं! अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमात मीच बोलायचं. विषय — सम्राट अशोकाचा सीमाभागातला कारभार. झेडपीच्या शाळेत शिकलेला माणूस इथे आखातात, मुहर्रकच्या हॉलमध्ये इंजिनिअर मंडळींपुढे बोलणार! सकाळी त्रिसरण म्हणताना डोळे भरून आले.

२९ सप्टेंबर

अशोकाचे शिलालेख वाचतोय. राजधानी कुठे, कलिंग कुठे! तिथल्या अधिकाऱ्यांना राजा बजावतो — राग नको, घाई नको, आळस नको. सीमेपलीकडच्या माणसालाही माझी भीती वाटता कामा नये. आणि कमाल म्हणजे — मी जेवत असलो तरी लोकांचं गाऱ्हाणं माझ्यापर्यंत आणा!

वाचता वाचता सित्र्याचा आमचा कामगारांचा कॅम्प डोळ्यांपुढे आला. हेड ऑफिस राजधानीत, मनामात, आणि इथे टोकाला कॅम्प इनचार्ज मी. दुपारी राउंडला खोलीत शिरलो की माणसं बेडवरून उठून उभी राहतात. किती मान देतात! वर्षभरात एक तक्रार नाही. भाग्यच माझं.

२ ऑक्टोबर

जेवताना घरी भाषण वाचून दाखवलं. लेकीला, श्रावस्तीला, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत — 'झीरो कम्प्लेंट्स, बाबा? मेबी दे आर स्केअर्ड ऑफ यू.'

जागृती हसली. 'अहो, तुमच्या केबिनवर पाटी आहे ना, तक्रारीची वेळ पाच ते सहा? तेव्हा माणसं कॅम्पवर असतात तरी का?'

घास हातातच राहिला. रिफायनरीतून दिवसपाळीची बस सहानंतर येते!

३ ऑक्टोबर

पाटी काढली. आता केबिनमध्ये डबा खायचा नाही, बस आल्यावर मेसमध्ये बसायचं. सगळ्यांना हिंदीत सांगितलं — मी जेवत असलो तरी या, बोला. 'जी साहब.' एवढंच.

६ ऑक्टोबर

कुणी आलं नाही.

८ ऑक्टोबर

आजही नाही. मेसचा कुक सागर टोमणा मारून गेला — 'साहब, आपके टेबल से तो कोई नमक तक नहीं मांगता!'

एकही माणूस आला नाही तर शुक्रवारच्या कार्यक्रमात कुठल्या तोंडाने अशोकाचं नाव घेऊ? श्रावस्तीचं बोलणं डोक्यातून जात नाही. पण बरं झालं बोलली. घरात मला न घाबरणारं कुणी तरी आहे.

१० ऑक्टोबर

डाळभात कालवत होतो. समोर विनीत — बिहारचा वेल्डर, नाइट शिफ्टवाला.

'आप खा लीजिए साहब, मैं बाद में...'

'नहीं, अभी बोल.'

'शिकायत आपकी ही है. राउंड पे आप दरवाज़ा नहीं खटखटाते. हम नाइटवाले सोए रहते हैं, हड़बड़ा के उठते हैं.'



आणि मी त्या उठण्याला मान समजत होतो!

'बैठ,' म्हटलं. ताटातली पोळी मोडून अर्धी त्याला दिली. मान वर केली — त्याच्या मागे आणखी तिघं येऊन उभे!

डाळभात गार झाला. साधू, साधू, साधू!