राजसचे वाळे आणि गाडीचे स्पीकर

कृष्णाकाठचे आमचे थोरले साडूभाऊ कृष्णातराव यांना रहिमतपुराहून लालासाहेबाचा हात जोडून नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असेल, गुडघा कुरकुरत नसेल, पद्माताई तुम्हाला गोडाला हात लावू देत नसतील आणि तुम्ही हळदीच्या पेढीवर जाऊन गुपचूप पेढे खात असाल, असे धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. उसाला अजून तोड आलेली नाही. तुरे मात्र आले आहेत. तुरा आला की वजन घटते, हे मला कळते. पण संध्याकाळच्या उन्हात ते पांढरे तुरे असे काही हलतात की आपले नुकसान चालले आहे हे विसरून मी बांधावर बघत बसतो. सुला म्हणते, सगळी हयात तोफखान्यात काढलेला माणूस असा कसा मऊ पडला. मी तिला उत्तर देत नाही (ती काय म्हणाली ते पुष्कळदा नीट कळलेलेच नसते).

फोन न करता पत्र का लिहिले, असे तुम्ही विचाराल. तर हल्ली फोनवर सगळेच जण तोंडात गुळाचा खडा धरून बोलतात. राग मानू नका, तुम्हीसुद्धा. मागच्या खेपेला तुम्ही बराच वेळ काहीतरी सांगत होतात आणि मी मधूनमधून ‘छान, छान, फार छान झालं’ म्हणत होतो. नंतर सुलाने सांगितले की वाऱ्याने तुमच्या पेढीचे पत्रे उडाले होते. पत्रात असे होत नाही. शाई काही तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाही.

आता मुद्द्यावर येतो (लालासाहेब मुद्द्यावर आला की बाकीच्यांचा चहा निवतो, हे तुमचे वाक्य मला आठवते). आमची संयोगिता तिकडे गुवाहाटीला. जावई फौजेत, त्यामुळे सुट्टीचा भरवसा नाही. नातू राजस आता बसायला लागला, पण मी त्याला अजून मोबाइलच्या काचेतच पाहिला आहे. त्याच्यासाठी इथल्या सोनाराकडून चांदीचे वाळे करून पाठवले. त्यातले एकेक घुंगरू सुलाने कानाशी वाजवून निवडले. मी तेवढा वेळ बाहेर गाडी वळवत होतो. वाळे पोचले, आणि पोरीने त्यांची पोच म्हणून काय पाठवावे? स्वतः जुळवलेली अंगाई, मोबाइलवर म्हणून. त्यात आमचा ओढा आहे, ओढ्यावरची चिंच आहे, मिशीवाले आजोबा आहेत. बाळ तिच्या मांडीवर. कडवे संपले की ती मध्येच गायची थांबते, आणि तेवढ्या वेळात नुसते वाळे वाजतात.

वाजतात, म्हणे.

कारण गाडीत ही अंगाई लावली की त्या जागेवर सुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटते आणि मला मात्र काहीही ऐकू येत नाही. गाडी कोरेगावच्या एका गुरुजींकडून घेतलेली जुनी. चारी दारांत कंपनीने बसवलेले स्पीकर, पापडासारखे पातळ. मी ताबडतोब निदान केले की स्पीकर कुचकामी आहेत. सुला म्हणाली, “आवं, आत्ता वाजलं की! छुम छुम करतंय. आलं न्हवं ऐकू?” मी म्हणालो, तुझ्या बाजूचा स्पीकर चांगला आहे, माझ्या बाजूचा बाद आहे. मग आम्ही जागा बदलल्या. तिला माझ्या जागेवरही वाळे ऐकू आले आणि मला तिच्या जागेवरही आले नाहीत. यावरून मी असे ताडले की स्पीकर बाद तर आहेतच, शिवाय माहेरच्या माणसांसारखे तिची बाजू घेतात.

खरी अडचण पुढे झाली. संयोगिताने फोनवर ओरडून विचारले, “आबा, वाळे ऐकले का?” आणि मी म्हणून बसलो, “ऐकले की! फारच गोड वाजतात.” सैनिकाने एकदा शब्द दिला की तो खरा करून दाखवायचा. पोरगी पाडव्याला बाळाला घेऊन येणार आहे. ती दारात उतरायच्या आत मला ते वाळे ऐकायचेच होते. म्हणून स्पीकर बदलायचे ठरवले.

आपल्या भागात स्पीकरचे काम म्हटले की पहिल्यांदा आठवतो भाऊसो. उसाच्या ट्रॅक्टरला साऊंड बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायच्या आधी जो आवाज येतो, तो त्याचा. त्याला मी समजावून सांगितले की मला लहान बाळाच्या पायातले वाळे ऐकायचे आहेत. त्याने मान डोलावली, म्हणाला, “लय बारीक काम हाय. मोठंच बसवाय लागतंय.” आणि त्याने मागचे बाक काढून तिथे ट्रॅक्टरचे दोन खोके उभे केले. मागची काच दिसेना, आरसा निरुपयोगी झाला, डिकीला दोरी बांधावी लागली. पहिल्यांदा आवाज लावला तेव्हा नंबरप्लेट गळून पडली आणि आमची म्हैस दावे तोडून थेट ओढ्यात जाऊन बसली. मला मात्र फार समाधान वाटले, कारण संयोगिताचा आवाज माझ्या बरगड्यांत घुमत होता. कान बाजूला ठेवून छातीने गाणे ऐकायची ही माझी पहिलीच वेळ.

त्याच दुपारी मी सुलाला शेजारी बसवून, अंगाई पूर्ण आवाजात लावून, वाळ्यांची जागा निसटू नये म्हणून अगदी बैलगाडीच्या चालीने शेजारच्या गावाकडे निघालो. हिवाळ्यातली दुपार, दोन्ही बाजूंना तुरे, मध्ये पिवळट धूळ, आणि पोरगी सांगते आहे की चिंचेखाली झोप उतरली. मला वाटले, मीच त्या झोळीत आहे आणि गाडी कोणीतरी हळूहळू झोका देत नेते आहे. मागे काय चालले आहे, याचा मला पत्ता नव्हता (आरशात खोकी होती).

मागे काय चालले होते, ते आता ऐका. त्या गावचा नाथाजी नुकताच फौजेतून निवृत्त होऊन आला होता. आपल्याकडे निवृत्त जवानाची मिरवणूक कशी निघते, ते तुम्ही पाहिले आहे: उघडी जीप, गळ्यात हार, पुढे साऊंडवाला, त्याच्यापुढे नाचणारे. नेमका वेशीबाहेर त्यांच्या साऊंडवाल्याचा जनरेटर बसला. आणि फाट्यावरून मी खोकी घेऊन आलो, एवढ्या हळू की कोणालाही वाटावे, मला बोलावणेच आहे. सगळी मिरवणूक माझ्या मागे लागली. सुरुवातीला पोरे नाचायला गेली, पण अंगाईवर कसे नाचणार? हात वर गेले ते तसेच राहिले, मग सगळे नुसतेच डुलू लागले. बायका दारात आल्या. ओवाळायला ताट घेऊन उभी असलेली नाथाजीची आई ताट खाली ठेवून रडू लागली. पारापाशी मी गाडी थांबवून उतरलो, तर समोर अख्खे गाव शांत उभे! मला वाटले, कोणी गेले की काय. जीपमधून नाथाजी उतरला, माझा हात धरला आणि माझ्या कानाशी ओरडला, “लालासाहेब, लय बरं वाटलं गड्या. नोकरीभर धड झोप न्हवती झाली.” माझेही डोळे भरून आले, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण वाळे? त्या धडधडीत वाळे कोणालाच ऐकू आले नाहीत. सुलालासुद्धा नाही. तिने दुसऱ्या दिवशी भाऊसोला बोलावून खोकी काढायला लावली.

मग तुम्ही कधीतरी सांगितलेले आठवले, की माधवनगर रस्त्यावर वीरधवल नावाच्या तरुणाचे गाड्या सजवायचे दुकान आहे आणि त्याचा कान चांगला आहे. आम्ही दोघे आष्ट्यावरून आलो. सांगलीवाडीला गूळ भरलेल्या टेम्पोमागे अडकलो, तरी मला घाई वाटली नाही. पुलावरून कृष्णा संथ दिसत होती. पाण्याला आवाज नसतो तेव्हा ते जास्त खोल वाटते, असे काहीबाही मनात येत होते. (एवढ्या जवळ येऊन घरी आलो नाही, याबद्दल पद्माताईंची माफी मागतो. कारण खाली येईल.)

वीरधवल फार हौशी. त्याने दारांचे अस्तर काढले, आत काळी चिकट पट्टी भरली, म्हणजे पत्रा थरथरत नाही. मग नवे स्पीकर बसवले, आणि वर खिडकीच्या कोपऱ्यात चिमणीच्या अंड्याएवढे दोन वेगळे छोटे स्पीकर; त्यातून फक्त बारीक आवाज येतात, असे तो म्हणाला. खास वाळ्यांसाठीच जणू देवाने घडवलेले! दार लावले तेव्हा तिजोरी बंद झाल्यासारखे वाटले आणि बाहेरची सगळी सांगली नाहीशी झाली. तो म्हणाला, “काका, डोळं मिटा.”

मी डोळे मिटले. साडूभाऊ, काय सांगू! पोरीच्या आवाजाचा खालचा पदर असा मऊ उलगडला की ती लहान असताना तापात माझ्या खांद्यावर कण्हायची, ते आठवले. सुट्टीवर आलो की पहिले दोन दिवस ती मला ओळखायची नाही, तेही आठवले. आमचे अंगण दिसले, चिंच दिसली. मग कडवे संपले. मी श्वास रोखला. कुठेच काही नाही. स्वच्छ, महाग, काळी पट्टी लावलेली शांतता. डोळे उघडून पाहिले तर सुला हसत होती, वीरधवल हसत होता, उघड्या काचेतून चहा द्यायला आलेला माणूस पेला तसाच हातात धरून उभा होता आणि तोही हसत होता. मीही हसलो. म्हणालो, “वा! काय वाळे वाजतात!” ते जरा उशिरा म्हणालो असावे, कारण तोवर पोरीने पुढचे कडवे धरले होते. सुलाने माझ्याकडे पाहिले आणि मग ती कृष्णेच्या पुलापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

तर गाडीचा आवाज आता पहिल्या नंबरचा झाला आहे, त्यात काडीची खोट नाही. रोज दुपारी मी चिंचेखाली गाडी लावून ऐकतो. आळीतल्या बायकांना अंगाई पाठ झाली आहे, आणि म्हैस आता तिच्याशिवाय पान्हा सोडत नाही. पद्माताईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा धाकटा साडू,
लालासाहेब

ता. क. कंपनीचे जुने स्पीकर परत आणले आहेत. वीरधवलने ते दुकानातल्या बाकावर ठेवून सहज जोडून पाहिले, तर सुला म्हणाली, यातही वाळे स्पष्ट वाजतात. स्पीकर चांगले होते, साडूभाऊ. पहिल्यापासून चांगले होते.

दुसरे ता. क. मिरजेत तुमच्या ओळखीचा कोणी कानाचा डॉक्टर असेल तर पाडव्याच्या आत मला गुपचूप घेऊन चला. तोफांनी आमच्यातल्या बऱ्याच जणांचे असे केले आहे, त्याची मला लाज नाही. भीती वाटते ती एवढीच, की नातू अंगणात रांगेल, सगळे हसतील, आणि मी इतरांची तोंडे बघून हसेन. पद्माताईंना सांगू नका, त्यांना सांगितले की सुलाला कळते (त्या दिवशी घरी आलो नाही तो याचसाठी, त्यांच्यासमोर माझे बिंग फुटले असते). तिला यातले काहीच माहीत नाही.

दाजी, मी सुला. पाकीट चिकटवायला माज्याकडं दिलंय म्हणून चार वळी लिवते. हे पत्र लिवताना मोठ्यांदा बोलत बोलत लिवत्यात, अन् ते त्यांचं त्यांनाच ऐकू जात न्हाई. सगळ्या आळीनं ऐकलंय. पद्माआक्काशी माजं बोलणं कवाच झालंय, डॉक्टरची येळबी घेतल्या. तुमी फकस्त पेढीच्या कामाला बोलावतोय म्हणा, म्हंजे हे येतील. संयोगितालाबी सांगितलंय, वाळं पायाला घट्ट व्हाय लागलं तर सोनाराकडनं वाढवून घे, पर ह्यांचं कान येऊस्तवर बाळाच्या पायातनं काढू नगंस. मला समदं ठाव हाय, हे मी ह्यांना बोलले न्हाई. मोठ्यांदा बोलाय लागतं, अन् मोठ्यांदा बोलाय गेलं की मला रडू येतं.