रानाचा घास

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची लेकाच्या, हिम्मतच्या घरी, शहरात गौलीगुड्याला. तिसरा मजला. लिफ्टीत देवाचं नाव घेते, पण गुडघे आशीर्वाद देतात. नात त्रिवेणी गळ्यातच पडली. सून अपर्णा ऑफिसात, म्हणून चूल माझ्याकडे. तिनंच ही वही दिली. म्हणाली, आई, माझं डोकं खाण्यापेक्षा लिहा. मी चौथी पास, तरी लिहीन. शेजारच्या सत्यवतीला आमची आदिलाबादकडची शेती ऐकवली. आजेसासऱ्यांनी रान तोडून केलेली. आधी तिथं माणूस नव्हता.

५ नोव्हेंबर
आमची रीत अशी, की रोजची पहिली भाकरी कुंपणापलीकडे टाकायची. रानाचा घास म्हणतात. सासूनं शिकवली, कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इथं कुठलं कुंपण? दाराबाहेर ठेवली तर हिम्मत करवादला, अम्मा, नक्को, उंदीर होतात. बरं बाबा. नाही ठेवत.

७ नोव्हेंबर
त्रिवेणी म्हणते, आजी, बाहेर पंगत बसलीये. पाहिलं, तर व्हरांडा रिकामा. फरशीवर ओल्या मातीची पावलं. अनवाणी. लहानग्यांचीसुद्धा. सत्यवतीला दाखवली, तर म्हणे, चष्मा बदला.

८ नोव्हेंबर
गावी नणंदेला, कुसुमताईंना फोन केला. रीत मोडली म्हणताच आधी शिव्या दिल्या, मग रडल्या. रान रिकामं नव्हतंच. गोंडांची वस्ती होती. ते जमीन परत मागायला आले, तर आजेसासऱ्यांनी मानानं पंगतीला बसवलं. पिठात बचनागाचं विष. बायापोरांसकट सगळे गेले. घास होता तो त्यांना घराबाहेर थोपवायला. आणि मी जन्मभर पुण्य समजून — कुठल्या तोंडानं खाल्लं मी ते धान्य.

९ नोव्हेंबर
भाकरी ठेवली. कुणी शिवलं नाही. त्रिवेणी सांगते, ते म्हणतात, या वेळी आधी घरचं माणूस जेवेल, मग आम्ही.

दुपार
घरात आम्ही दोघीच. मलाही दिसतायत. पोर त्यांच्यातच बसलीये. तिच्या पानावर भाकरी. मी थापलेली नव्हे. हात घातला तिनं —
हिसकावली. पोरीला आत लोटून कडी घातली. रडतेय. रडू दे.
सगळे माझ्याकडे बघतात. रागानं नाही. पाहुणे बघतात तसे. तेच सोसवत नाही.
तिच्या जागी बसले. एक घास खाल्ला. कडू —
जीभ जड — समोरच्या बाईनं पदर सावरला, मुलाला मांडीवर घेतलं, आणि आता ती आपल्या पानाला —