मागचं दार

प्रिन्सिपॉलसाहेबांना वेदश्रीच्या आजीचा नमस्कार.

काल तुम्ही ती शिकवते तो तास तपासायला बसला होतात. नोकरी कायम होणार की नाही, त्यावरच ठरणार म्हणे. डबा विसरली होती, तो घेऊन मी वर्गाच्या दाराशी होते. आमच्या रायापूरहून बसही लवकर मिळाली.

धड्यातली गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या मोलकरणीची. तिला मागच्या दारानं यावं लागे. एक पोरगी उठून कन्नडमध्ये म्हणाली, “मॅडम, माझी आई अजून तशीच कामाला जाते. तिचा कपही वेगळा.”

तुम्ही म्हणालात, “विषयावर या.”

आमची म्हणाली, “सर, हाच विषय आहे. बोल गं तू.”

तुम्ही उठून गेलात.

वेदश्री पत्र टाकू नको म्हणते, वशिला वाटेल. निकाल शुक्रवारी लागो कसाही, शिरा मी आजच केलाय.

विमलाबाई